दादांना सुचेनासं झालं तेव्हा

माझे सासरे, म्हणजे दादा, मराठीत कथा लिहितात आणि लिहून झाली की पहिल्यांदा वाचून दाखवतात ती शेजारच्या संधूजींना. संधूजींना मराठी येत नाही.

संधूजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. हिवाळ्यात दोघं अंगणात उन्हाला खुर्च्या टाकून बसतात. दादा वाचतात, संधूजी डोळे मिटून ऐकतात, आणि मध्येच हात वर करतात. "प्रोफेसर साब, इत्थे थोड़ा ढिल्ला है." दादा तिथे पेन्सिलीने फुली मारतात. नंतर मी ते पान वाचलं, तर फुलीपाशी खरंच वाक्य पसरलेलं असतं.

"मराठी कळणारा माणूस शब्दांच्या अर्थात अडकतो," दादा सांगतात. "याला नुसती चाल ऐकू येते. असा वाचक पुण्यात मिळायचा नाही."

दादा मूळचे साताऱ्याचे. चंदीगडला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात दादा, त्यांची पुस्तकं आणि खिडकीपाशी एक भलंमोठं सागवानी टेबल. सकाळी सहा ते अकरा दादा त्या टेबलाशी. मधल्या वेळात त्यांच्यासाठी जग बंद. एकदा गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. पाणी जिन्यावरून खाली आलं, संधूजी भिंतीपलीकडून हाका मारायला लागले. आतून शांतपणे उत्तर आलं, "अकरानंतर."

त्यांना लेखक म्हटलेलं आवडत नाही. "लेखक भाषणं करतात. मी लिहितो." आणि सगळ्यात राग 'सुचत नाही' या शब्दांचा. पुण्याहून आलेल्या एका तरुण कवीने चहा पिताना सांगितलं, की दोन महिने काही सुचलेलं नाही. दादांनी त्याला विचारलं, "तुमच्याकडचे कुंभार असं म्हणतात का हो?" कवीने चहा अर्धाच ठेवला.

म्हणून तो दिवस माझ्या लक्षात आहे.

मी मोहालीच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते. निखिल, माझा नवरा, हवाई दलात. त्याची बदली आसामात झालेली, म्हणून मी दादांकडेच राहत होते. आमची रेवा एक वर्षाची होती आणि पाळणाघरात गेली की दर आठवड्याला आजारी पडत होती. एका सकाळी तिला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते. गाइडना पत्र लिहून सगळं सोडून द्यायचं, हे मनात जवळजवळ ठरलं होतं. कोणाला बोलले नव्हते.

दादा आत आले, सात वाजता, म्हणजे त्यांच्या लिहिण्याच्या वेळेत. म्हणाले, "अगं, ते टेबल रिकामंच आहे. तू बसत जा तिथे."

"आणि तुम्ही?"

"मला हल्ली काही सुचत नाही."

असं म्हणून त्यांनी रेवाला माझ्याकडून घेतलं आणि बागेत निघून गेले.

मला फार वाईट वाटलं. वय झालं, असं मनात आलं. सकाळी मी त्यांच्या टेबलाशी बसून लिहायची, दुपारी प्रयोगशाळेत जायची आणि येता-जाता दादांना उपाय सुचवायची. तलावावर जाऊन बसा. थोडे दिवस डोंगरात जाऊन या. शेवटी ब्राह्मीचं औषध आणलं. ते इतकं कडू होतं, की पिताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा. पण रोज सकाळी माझ्यासमोर दोन चमचे घ्यायचे आणि मान डोलवायचे. "फरक वाटतोय थोडा."

दोन वर्षं असं चाललं. रेवा बागेत वाढली. तिला झाडांची शास्त्रीय नावं यायला लागली, आणि दादा मराठीत बोलले की ती ठसक्यात उत्तर द्यायची, "दादू, मैं नहीं आऊँगी."

माझी तोंडी परीक्षा झाली, पदवी पक्की झाली. मी पेढे घेऊन संधूजींकडे गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चलो, अब प्रोफेसर साब वो मास्टरनी वाली कहानी लिखेगा."

"कौन सी कहानी, अंकल?"

"वही, जो बाग में मुझे सुनाता था. दो साल से बनी पड़ी है. मैंने कहा, लिख ले यार. बोला, टेबल पे बहू बैठी है. उसको मत बताना, वो उठ जाएगी."

मी घरी आले. दादा पलंगावर बसून रेवाच्या फ्रॉकच्या घड्या घालत होते.

"दादा, तुम्हाला सुचत होतं."

"संधूच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले.

"मग ते औषध कशाला घेत होता?"

"तू विश्वासाने आणलंस. नाही घेतलं असतं तर तुला संशय आला असता."

मला हसू येईना. दादांनी एक फ्रॉक उलगडून त्याची पुन्हा घडी केली.

"निखिल दीड वर्षाचा असताना त्याच्या आईला एम.ए.ची परीक्षा द्यायची होती," ते म्हणाले. "फॉर्मही भरला होता तिने. तेव्हाही टेबल एकच होतं. मी लिहीत बसलो. एक बरं पुस्तक झालं त्यातून, लोक अजून नाव काढतात. तिने पुन्हा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही."

घड्या झाल्या, त्यांनी कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला ते टेबलाशी बसले. मास्तरणीची गोष्ट पुरी झाली, पण मधला बराच भाग आता आठवत नाही, असं ते सांगतात. गेला तो गेला, म्हणतात.

माझ्या प्रबंधात सुरुवातीला आभाराचं पान आहे. गाइड, प्रयोगशाळेतले सहकारी, निखिल, सगळ्यांची नावं आहेत. शेवटी एक ओळ आहे: 'मुलीला सांभाळल्याबद्दल सासऱ्यांचे आभार.' ते पान मी सगळं कळायच्या आधी लिहिलं होतं. बांधणी झालेल्या प्रती ग्रंथालयात गेल्या आहेत, आता त्यात काही घालता येत नाही. राहिलेलं इथे लिहिलं आहे.