नाव घेतलेले कोंबडे

उकंडाजीच्या अंगणात नऊ कोंबड्या होत्या आणि अकरा कोंबडे. कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही हे सांगून पाहा, तो म्हणेल तुम्ही उलटं सांगताय. नऊ कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला, फार तर दोन. बाकीचे रिसोडच्या बाजारात जातात, नाहीतर पातेल्यात. उकंडाजीकडे मात्र कोंबडा एकदा मोठा झाला की म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याचा मुक्काम हलत नसे. कोणी मागायला आलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "त्याले हात नोका लावू. नाव घेतलेला हाय तो."

नाव घेतलेला म्हणजे जावयाच्या नावानं राखलेला. दर वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी उकंडाजी एक कोवळा, पिवळ्या पायांचा कोंबडा निवडी, त्याच्या पायाला लाल चिंधी बांधी आणि 'हा जावयाचा' असं मोठ्यानं म्हणे. कुत्र्यानं तो पळवला तर पंचाईत नको म्हणून दुसऱ्याच्याही, एखाद्या वर्षी तिसऱ्याच्याही पायाला चिंधी बांधी. जावई काही येत नसे. पुढच्या वर्षापर्यंत ते कोंबडे जून होत आणि जावयाला जून कोंबडा घालणं बरं दिसत नाही, म्हणून नवे निवडावे लागत. जुन्यांना विकावं म्हटलं, तर एकाच्या नावाची वस्तू दुसऱ्याच्या तोंडी कशी घालायची? मरीआईच्या जत्रेला गावानं कोंबडा मागितला तेव्हा त्यानं अंडी देणारी चांगली कोंबडी काढून दिली, पण चिंधीवाल्याला हात लावू दिला नाही. असे साठत साठत अकरा झाले.

मी तेव्हा रिठदच्या शाळेत मास्तर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझी शाळा आणि उकंडाजीचं अंगण यांच्यात एक मातीची भिंत होती आणि तिला खिडकी होती. मी मूळचा वाशीमचा, पण अकोल्याला मास्तरकीचं शिक्षण घेताना भाषा घासूनपुसून चकचकीत करून आलेलो. कविता शिकवायला तोंड उघडलं की भिंतीपलीकडून अकरा जण एकदम शिकवायला लागत. पहाटे आरवून झाल्यावर कोंबड्यानं गप्प बसावं असा जगाचा नियम आहे, पण जिथे अकरा असतात तिथे एकाला दुसऱ्याचं ऐकून घेववत नाही.

मी तक्रार केली. उकंडाजीनं ती फार मनावर घेतली. कोंबड्याला मान ताठ करता आली नाही तर आरवता येत नाही, असं सांगून त्यानं शाळेच्या वेळात सहा कोंबडे बांबूच्या बुटक्या डाल्यांखाली झाकून ठेवायला सुरुवात केली. उरलेले पाच मोकळे. दुपारी पाळी बदले. झाकलेले कोंबडे आत घशातल्या घशात घरघर करत आणि बाहेरचे पाच त्यांच्या वाटणीचंही आरवत.

नऊ कोंबड्यांचे हाल तर विचारू नका. अकरा कोंबड्यांच्या नख्यांनी त्यांच्या पाठीवर पीस राहिलं नव्हतं. उकंडाजीनं त्याच्यावरही उपाय काढला. जुन्या गोणपाटाचे तुकडे कापून त्यानं प्रत्येकीच्या पाठीवर बांधले. पोळ्याच्या बैलांसारख्या झुली घातलेल्या नऊ कोंबड्या गावातून हिंडायला लागल्या, तेव्हा बाहेरगावचे लोक गाडी थांबवून पाहत.

आणि कुत्री. कोंबडे तिथे कुत्री येणारच. उकंडाजीचा स्वतःचा काळ्या नावाचा कुत्रा यातला पक्का गुन्हेगार होता. कोणीतरी सांगितलं की कुत्र्यानं मारलेली कोंबडी त्याच्याच गळ्यात बांधावी आणि कुजून पडेपर्यंत सोडू नये, मग तो जन्मात कोंबडीकडे पाहत नाही. उकंडाजीनं तसं केलं. काळ्यावर काय परिणाम झाला माहीत नाही, पण चौथ्या दिवशी त्या वासानं गावातली सगळी कुत्री आमच्या भिंतीपाशी जमली आणि मला शाळा मारुतीच्या पारावर न्यावी लागली. त्यानंतर उकंडाजीनं सुतार बसवला आणि जो कुत्रा अंगणाच्या आसपास दिसेल त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं. ओढाळ ढोराच्या गळ्यात असतं तसं. कुत्र्याला चालता येई, पळता येत नसे. लोकांनी विचारलं, स्वतःच्या काळ्याला तरी गोळी घालून का टाकत नाही? तर म्हणे, "त्याले मारून काय होते? चूक त्याची नाही. मी खुराडं उघडं ठेवलं होतं."

हे खुराडं उघडं राहिल्याची गोष्ट मला त्याची बायको सगुणाबाई हिनं सांगितली. त्यांना एकच मुलगी, गया. ती अनसिंगला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला जावई, सासू आणि त्यांच्याकडची चार माणसं पाहुणी यायची होती. सहा महिने ज्वारी चारून पोसलेला कोंबडा तयार होता. पाहुण्यांच्या गाड्या गावाच्या शिवेत आल्या आणि त्याच घटकेला काळ्यानं तो कोंबडा उचलला. गावात धावाधाव केली, पण आदल्या दिवशीच बाजार झालेला, कोणाकडे कोंबडा नाही. मग घाबरून उकंडाजीनं कोंबडी कापली. रश्शात काय कळतंय, असं त्याला वाटलं. पण कोंबडी अंड्यावरची होती. पोटातल्या कच्च्या अंड्यांचा घोस नेमका सासूच्या ताटात आला.

जावयाला कोंबडा कापतात. हा मान आहे. सासू ताटावरून उठली आणि म्हणाली, "माह्या पोराले बाई समजलं का यायनं?" सगळे अर्ध्या जेवणावरून उठले, गयेला गाडीत घातलं आणि निघून गेले. तेव्हापासून गया माहेरी आली नव्हती.

मी शाकाहारी माणूस. कोंबडा की कोंबडी यावरून एका पोरीचं माहेर तुटावं, हे मला हसण्यासारखं वाटलं. मी हसलोही. सगुणाबाई हसली नाही.

दिवाळीला आणि अखाजीला उकंडाजी माझ्याकडे कार्ड लिहायला येई. गावाची पत्रं मीच लिहीत असे, कारण गावात लिहिता येणारे दोघेच, मी आणि पटवारी, आणि पटवाऱ्याकडे कोणी आपण होऊन जात नाही. उकंडाजी उकिडवा बसून सांगे, "लिवा मास्तर. आमी कोंबडी कापली, थे चुकलं. आता कोंबडा तयार हाय. या सालचा हाय, कवळा हाय. जावयानं गयाले घेऊन यावं."

आता हे असं कसं लिहायचं? अनसिंगला कार्ड वाचून दाखवणारा मास्तर माझा अकोल्याचा वर्गसोबती. माझ्या अक्षरात 'कोंबडी कापली, चुकलं' हे त्यानं वाचावं, ही कल्पनाच मला सोसेना. मी लिहीत असे, 'झाले गेले विसरून जावे. आपल्या आगमनाची आम्ही अत्यंत उत्कंठेने वाट पाहत आहोत.' भाषा अशी की कुठल्याही पत्रसंग्रहात छापावी. उकंडाजी म्हणे, वाचून दाखवा. वाचताना मी कोंबडीचं वाक्य कार्डात नसूनही तोंडानं म्हणून टाकी. तो मान डोलवी आणि कार्ड कपाळाला लावून घेऊन जाई. एका वाक्यानं काय अडतं, असं मला खरोखर वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी सगुणाबाई आजारी पडली. त्या वेळचं कार्डही मीच लिहिलं. 'प्रकृती किंचित अस्वस्थ आहे' असं लिहिलं, कारण अशुभ लिहू नये. गया आली ती माय गेल्यावर. दीर तिला घेऊन आला होता, तो दारातच उभा राहिला, पाणीही प्याला नाही आणि दिवस मावळायच्या आत तिला परत घेऊन गेला.

घरात उकंडाजी एकटा उरला. चिंध्यांचे कोंबडे वाढत राहिले. लोक थट्टा करत, मीही करी.

पाचव्या वर्षी माझ्या त्या वर्गसोबत्याच्या मुलाचं बारसं होतं, म्हणून मी अनसिंगला गेलो. रिठदचा मास्तर आलाय हे कळल्यावर गया मागच्या दारी आली. एक मूल काखेला, एक पदराला. बापाची खुशाली विचारली. काय खातो, कोण रांधतं, काळ्या आहे का. मग म्हणाली, "मास्तर, बाबा येवढी कार्डं धाडतात, पन कोंबडीचं नाव काहून नाही घेत? सासू म्हनते, झालं गेलं विसरा म्हनते तुहा बाप. चूक त्याची अन् विसराचं आमी? एक डाव चुकलं म्हनाव त्याले, मंग मीच धाडतो तुले."

मी तिच्याशी काय बोललो ते मला आठवत नाही. बारशाच्या जेवणाला न थांबता मी निघालो, हे आठवतं.

रिठदला पोचल्यावर घरी न जाता मी आधी उकंडाजीकडे गेलो. तो ओट्यावर बसून ताकात कोंडा कालवत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"म्हंजे एकाबी कार्डात नव्हतं?"

"नाही."

"गयाची माय होती तवा?"

"तेव्हाही नाही."

तो हाताला लागलेला कोंडा बोटांनी काढत बसला. त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्यासाठीच उभा होतो. शेवटी तो म्हणाला, "हे कोनाले सांगू नोका, मास्तर. गावाची समदी कार्डं तुमच्या हातानं जातात. हे मालूम झालं त मानसं कोनाजोळ जातील?" आणि मग, "आनता का कार्ड?"

त्या दिवशी त्यानं सांगितलं तसं मी लिहिलं, शब्दाला शब्द. कोंबडी कापली, थे चुकलं.

पंधरा दिवसांत गाडी आली. गया, जावई आणि दोन मुलं. सासू आली नाही, पण तिनं नातवंडांच्या हाती गुळाची भेली पाठवली होती. उकंडाजीनं स्वतः कोंबडा कापला, रांधायला शेजारची बाई बोलावली. मलाही ओट्यावर बसवलं आणि माझ्यापुरता चहा केला. जावई पोटभर जेवला. स्वभावानं तो वाईट नव्हता, आईपुढे त्याचं चालत नव्हतं इतकंच. जेवता जेवता तो म्हणाला, "मामाजी, येवढंच पयले लिवलं असतं त पाच वर्सं गेली नसती."

मी तोंड उघडलं. उकंडाजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"मास्तर लिवतो म्हनत होते," तो म्हणाला. "मीच लिवू देलं नाही. मले लाज वाटे."

गया भाकरी घेऊन दारात उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं. "माय मरून राह्यली होती, बाबा. तवाबी लाज वाटली तुमाले?"

उकंडाजी खाली पाहत म्हणाला, "हो पोरी. तवाबी."

तिनं भाकरी नवऱ्याच्या ताटापाशी ठेवली आणि आत निघून गेली. मी बशीत चहा ओतला. आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारतो की मी तेव्हा का बोललो नाही, आणि खरं उत्तर हेच आहे की मला सुटल्यासारखं वाटलं. ज्या माणसाला मी पाच वर्षं हसलो, त्यानं माझी अब्रू झाकायला आपली पोरगी दुसऱ्यांदा गमावली आणि मी चहा पीत बसलो होतो.

चार दिवस राहायचं ठरलेलं असताना गयेनं दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी जुंपायला सांगितली. बापाशी ती लागेल तेवढंच बोलली. पाया पडली, पण वर पाहिलं नाही. उकंडाजीनं नातवंडांना गाडीत उचलून ठेवलं आणि जुवाच्या दोऱ्या घट्ट आहेत की नाहीत ते पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

मग गया माझ्याकडे आली, वाकली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले मानसं. बाबाले तुमी तरी समजावून सांगाचं होतं."

मी म्हटलं, "हो गया, सांगायला हवं होतं."