मांडणी उतरली आणि रेंज आली

"दहा मिनिटांत आतल्या खोलीत फुल रेंज आणतो, नाहीतर नावाचा जयवंत नाही!"

लालबागच्या चाळीत जयवंतने ही गर्जना केली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चारला लेकीचा, श्रेयाचा, ऑनलाइन इंटरव्ह्यू. पहिलीच नोकरी! राउटर बाहेरच्या खोलीत, पण तिथे गॅलरीतला सगळा कलकलाट. आत स्वयंपाकघरात शांतता, तर रेंज एक दांडी. तीही मोरीत उभं राहिलं तर!

मोबाइल ओवाळत जयवंत घरभर फिरला आणि शेवटी गुन्हेगार सापडला. मधल्या पार्टिशनला टेकलेली आईची मांडणी! वरपासून खालपर्यंत स्टीलची ताटं, टोप, डबे. त्यातून वायफाय जाणार कुठून?

"माझ्या भांड्यांक हात लावलंस तर बघ!" रमाबाई कडाडल्या.

"आई, तुझ्या नातीच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

रमाबाई विरघळल्या. "बरा. पण एकाक पण पोचो पडता नये!"

साडेतीनला मांडणी भांड्यांसकट गॅलरीत गेली आणि आत चारही दांड्या झळकल्या! "बघितलंस?" जयवंतने बायकोला विचारलं.

"बघितलं," सीमा म्हणाली. "आता बाहेरचा पसारा आवरणार कोण?"

पण चाळीत मांडणी गॅलरीत आली की त्याचा अर्थ एकच. बिऱ्हाड हललं! शेजारच्या लतिकाकाकूंनी ती पाहिली आणि जागीच हंबरडा फोडला.

"रमाबाई, खोली सोडलीत? चाळीस वर्षांचा शेजार, आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"अहो काकू, आत रेंज येत नव्हती म्हणून..." जयवंत समजावू लागला.

"रेंज नाही म्हणून घर सोडता?"

झालं! अख्खा मजला गोळा. खालच्या मजल्यावरून कुशाबा नारळ घेऊन आले. कुणीतरी सीमाची ओटी भरायला घेतली. "अरे, कुणी कुठे जात नाहीये!" जयवंत घसा फोडून ओरडला. कुशाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "रड बाबा, मनात ठेवू नको." रमाबाईंना काय चाललंय ते कळेना, पण सगळ्या रडतायत म्हटल्यावर त्यांनीही पदर डोळ्याला लावला.

चार वाजले. इंटरव्ह्यू सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला लतिकाकाकू आत घुसून श्रेयाच्या गळ्यात पडल्या. "पोरी, तुला अंगाखांद्यावर खेळवली गं!" रेंज इतकी झकास की एकही हुंदका अडकला नाही.

पडद्यावरच्या मॅडमनी चष्मा काढला. "श्रेया, सॉरी. घरी असं काही झालंय हे माहीत नव्हतं."

जयवंतने मध्येच मुंडकं घातलं. "मॅडम, कुणी गेलेलं नाही! नुसतं वायफाय आहे!"

"समजू शकते मी," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "शुक्रवारी घेऊ. आणि श्रेया, तू आधी ऑफिसला येते म्हणाली होतीस ना? तसंच कर."

फोन बंद झाला. सीमा सावकाश वळली. "म्हणजे ऑफिसला जाता येत होतं?"

"हो. करी रोडला तर आहे, चालत सात मिनिटं," श्रेया दातओठ खात म्हणाली. "पप्पाच म्हणाले, एवढ्या उन्हात कशाला जातेस, मी आहे ना!"