ह्याला रंग लागत न्हाई

धुळवडीला अख्खं नांदेड लाल-हिरवं-जांभळं होतं. त्या दिवशी मुनीरचाचा गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर उतरतात आणि सगळ्यांचे काळे-पांढरे फोटो काढतात. एका वर्षी गल्लीतल्या पोरांनी ते फोटो पाहून कपाळाला हात लावला. एक जण म्हणाला, "चाचा, आम्ही तर कोळशाच्या वखारीतून पळून आल्यावानी दिसून राहिलो!"

चाचा शांतपणे म्हणाले, "रंग तर तुझ्या आईनं बी पाहिलाय, कपडे धुताना. तू असा हसून राहिला होता, ते कोणी पाहिलं?"

पोरगं फोटो मात्र घेऊन गेलं.

चाचांचं फोटोचं दुकान स्टेशनकडच्या एका गल्लीत आहे. पोट चालतं ते पासपोर्ट फोटोवर. ते रंगीतच काढावे लागतात. "सरकारला रंग लागतो, देऊन टाकायचा," असं म्हणून ते निळ्या पडद्यासमोर माणूस बसवतात, खटका दाबतात आणि विसरून जातात. त्यांचं खरं काम सकाळी दुकान उघडायच्या आधी. भाजीबाजार, नदीचा घाट, कधी पॅसेंजर धरून मुदखेड. प्रत्येक गोष्टीकडे एक डोळा मिटून बघायचं आणि निकाल द्यायचा: "ह्याला रंग पायजे," नाहीतर "ह्याला रंग लागत न्हाई." मिरच्यांच्या ढिगाला रंग पाहिजे. केळीला पाहिजे. माणसाला लागत नाही. चार वर्षांत एकाही माणसाच्या बाबतीत निकाल बदललेला मी पाहिला नाही.

एकदा एक जण नवी लाल बुलेट घेऊन आला. "चाचा, बुलेट लाल दिसली पायजे हं."

"मग बुलेटचाच काढतो. तू जरा बाजूला हो."

कॉलेजची ती चार वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. कॉलेजात कॉम्प्युटरचा पेपर पास झाले होते, म्हणून शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "चाचा, आधी रंगीत काढा की. मग कॉम्प्युटरवर रंग काढून टाकता येतो." चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच दोन पावलं मागं सरले. "म्हणजे बिर्याणी करायची, बोट्या वेचून टाकायच्या, आन् पाव्हण्याला म्हणायचं, घ्या, साधा भात?" त्यांनी कॅमेराच असा लावून ठेवला होता की रंग आत शिरतच नव्हता.

आता माझ्या घरचं सांगते. आम्ही अर्धापूरचे. वडील मी तिसरीत असताना गेले. आई केळीच्या तोडीला जायची. कापलेले घड डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची. ज्यानं हे काम केलंय त्याला माहीत आहे, केळीचा चीक कपड्यावर पडला की तपकिरी-काळा डाग बसतो आणि साडी फाटेपर्यंत जात नाही. आईकडं बिनडागाची साडीच नव्हती. माझ्या शाळेच्या ड्रेसवरही डाग, कारण तिनं मला जवळ घेतलं की ते माझ्याकडं यायचे. त्यामुळं आईनं कधी फोटो काढू दिला नाही. आधार कार्डावर तेवढा एक, गळ्यापर्यंतचा. आमच्या भिंतीवर बाबासाहेब होते, बुद्ध होते, आमच्यापैकी कोणी नव्हतं.

मी हे एकदा बोलता बोलता चाचांना सांगितलं. पुढच्या रविवारी ते अर्धापूरला हजर. मळ्यात गेले आणि आई घड घेऊन येत असताना खटका दाबला. आईनं घड गाडीत टेकवला आणि ओरडली, "ओ भाऊ! हा कुठला फोटो? लुगडं तरी बघायचं जरा!"

चाचांनी कॅमेऱ्याची मागची काच तिच्यापुढं धरली. आई वाकून बघत राहिली. साडीवर छापाची फुलं होती आणि डागही होते, पण काळ्या-पांढऱ्यात फुलं कोणती न् डाग कोणते, काहीच कळत नव्हतं. भरगच्च फुलांची साडी नेसलेली एक ताठ बाई डोक्यावर घड घेऊन चालली होती.

"डाग कुठं गेले?" आईनं विचारलं.

"ह्याला रंग लागत न्हाई, बहन."

आई हसली. पण फोटो घ्यायला तयार झाली नाही. "चांगला हाय. पर भितीवर लावायचा फोटो असा कामावरचा नको. लेकीचा पदवीचा कागद हातात घेईन, त्या दिवशी काढा. तो लावू."

झालं. आता माझ्या पदवीवर आईचा फोटो अडून बसला. शेवटच्या वर्षी मी जेवढा अभ्यास केला तेवढा आधी कधी केला नव्हता. चाचा जिन्यातून जाता-येता ओरडायचे, "पास होऊन राहिली ना, बेटी? बहनचा फोटो राहिलाय!"

पास झाले. पहिल्या वर्गात. पदवीच्या दिवशी आई निळी साडी नेसून आली. नवी, कोरी, निळीशार. आमच्या घरात निळ्या रंगाला काय मान आहे ते सांगायला नको. मी चाचांना आधीच बजावलं होतं, "आज रंगीत." चाचांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पडद्यासमोर मात्र काढेनात. "पडद्यासमोर सगळे सरकारी दिसतात." मग कॉलेजच्या फाटकाबाहेर, रसवंतीच्या गाड्याजवळ, ऑटोंच्या गर्दीत आई उभी राहिली, शेजारी मी. ऑटोवाल्यानं विचारलं, "मावशी, कोन पास झालं?" आईनं कागद उंच धरला आणि म्हणाली, "मीच!" आणि हसली, सगळे दात दाखवून. खटका बरोबर तेव्हा दाबला गेला.

संध्याकाळी फोटो पाहिले. सगळेच्या सगळे काळे-पांढरे.

चाचांचा चेहरा उतरला. "सकाळी रंगावर लावला होता, कसम. अंगठ्याला सवय हाय, बेटी. त्यानं फिरवला."

मी फार बोलले. चार वर्षं ज्यांच्या घरचा शिरखुर्मा खाल्ला त्यांना बोलू नये तेवढं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, परत काढू. दुसऱ्या दिवशी आई तीच साडी नेसून आली आणि आधार कार्डावर आहे तसा चेहरा करून उभी राहिली. चाचांनी हसवायला किती केलं! आई म्हणाली, "भाऊ, कालचं हसू काल झालं. राहू द्या."

त्यानंतर चार दिवस दुकानाचं शटर अर्ध्यावर. पहिल्याच दिवशी चाचांनी मला हाक मारली, "बहनच्या पदराच्या गोंड्याचा एक धागा आणून दे." का ते सांगितलं नाही. आईनं धागा दिला.

पाचव्या दिवशी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर त्यांच्या वडिलांच्या वेळचे, फोटो रंगवायचे बारीक कुंचले होते. शेजारी बशीत निळ्याच्या सतरा छटा आणि तो धागा. कागदावर आईचा तो हसरा फोटो होता. ऑटो काळे-पांढरे, रसवंती काळी-पांढरी, रस्ता काळा-पांढरा. त्यात आईची साडी तेवढी निळी, धाग्याला धागा जुळेल अशी.

"आन् माझा ड्रेस, चाचा?"

"तुला रंग लागत न्हाई. आज तुझी आई पास झाली."

मी डोळे पुसायला भिंतीकडं वळले, तर तिथं चाचीचा फोटो. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नातला फोटो, ओढणी डोक्यावर, काळा-पांढरा. मी विचारलं, "तुम्हाला एवढं येतंय, मग चाचीचा कधी रंगवला न्हाई?"

चाचा कुंचला धूत राहिले. "ती म्हणायची ओढणी धानी होती, कोवळी हिरवी. मी म्हणायचो फिरोजी, निळसर. जनमभर भांडलो. आता मी फिरोजी भरला तर मी जिंकलो असं होईल ना? धानी भरला तर ती समोर न्हाई, 'बघा, मी म्हणलं नव्हतं' म्हणायला." कुंचला झटकून म्हणाले, "तसाच राहू दे. भांडण चालू हाय."

मग त्यांनी एक डोळा मिटून आईच्या फोटोकडं पाहिलं आणि स्वतःलाच म्हणाले, "ह्याला मात्र पायजे होता."

आता मी लातूरला शाळेत शिकवते. चाचांनी काढलेले फोटो मागवून शाळेच्या व्हरांड्यात लावलेत. मुलं रोज त्यांच्यापुढं उभी राहून कोणता रंग कुठं असेल यावर भांडतात. चाचांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "भांडू दे. निकाल सांगू नको."

अर्धापूरच्या घरी आई आता तोडीला जात नाही. भिंतीवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत आणि त्यांच्या खाली, निळ्या साडीत, माझा पदवीचा कागद उंच धरून हसणारी माझी आई आहे.