खाजेची तालीम

"स्किनची जागा म्हणजे माझ्या खिशात आली म्हणून समज!" मखमलने आरशातल्या स्वतःला सांगितलं आणि केसांवरून कंगवा फिरवला. जिभेवर साखर आणि गालावर क्रीम, म्हणून कॉलेजातल्या पोरांनी त्याचं नाव मखमल ठेवलं होतं. गडी डॉक्टर झाला होता, इंटर्नशिप संपत आली होती आणि आता पुढे कुठल्या आजारांचा डॉक्टर व्हायचं, ते गुणांच्या क्रमाने एकेक जागा निवडून ठरायचं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की डॉक्टरांमध्ये सगळ्यात जास्त मारामारी हृदयासाठी नाहीतर मेंदूसाठी होत असेल. छे हो! मारामारी कातडीसाठी! पुरळ उठलं म्हणून मध्यरात्री कोणी डॉक्टरचं दार ठोठावत नाही, आणि मुरुमांनी आजवर कोणी दगावल्याचं ऐकिवात नाही. शिवाय मखमलचं एक गुपित होतं. त्याला रक्त बघवत नसे! ऑपरेशनच्या वेळी तो भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून उभा राहायचा आणि सर्जरीचे मोठे सर सगळ्यांना सांगायचे, "बघा, याला म्हणतात एकाग्रता!"

घरी बाबांना मात्र मुलगा सर्जनच व्हायला हवा होता. मखमलने त्यावरही तोड काढून ठेवली होती.

"बाबा, सर्जरीची जागा एकच. माझ्या वर दोघं हुशार. ती जाणारच हो! मग बिचाऱ्याने स्किनवर समाधान मानायचं."

"बघू," बाबा म्हणाले. "जागावाटपाच्या दिवशी मी येतोच हॉलमध्ये."

खरी अडचण वेगळीच होती. स्किनचीही जागा एकच होती! आणि मखमलच्या वर एक पोरगी होती, जी प्रत्येक परीक्षेत पहिली यायची. पोरं तिला पहिलटकरीण म्हणायची. दुसरा नंबर उंटाचा. मान लांब, म्हणून उंट. सगळं जग स्किनवर उड्या मारतंय, म्हणजे हे दोघंही मारणारच की! त्यात विचारायचं काय? विचारलं तर उलट नसलेला किडा त्यांच्या डोक्यात सोडल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा दोघांना स्किनची किळस आणावी, हे उत्तम.

आणि किळस आणायला घरात मामा होता! हौशी नाटकांत आयुष्य घालवलेला मामा नुकताच मुक्कामाला आला होता आणि मखमलच्याच गादीवर झोपत होता.

"मामा, स्किनच्या ओपीडीत पेशंट होऊन यायचं. असं खाजवायचं, की बघणाऱ्याने स्किनचं नाव टाकलं पाहिजे!"

"भाचेबुवा, तुम्ही फक्त टाळ्यांचं बघा," मामा म्हणाला.

तालीम त्याच क्षणी सुरू झाली. मामा जेवताना खाजवी, पेपर वाचताना खाजवी. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती! झोपेत तर जास्तच! मखमल कुशीवर वळून कौतुकाने बघत राही. झोपेतसुद्धा तालीम! कलेवरची निष्ठा म्हणतात ती हीच, असं त्याला वाटायचं.

महिन्याभराने तिघांची ड्युटी स्किनच्या ओपीडीत एकत्र लागली आणि मामाने प्रवेश केला.

"मेलो हो डॉक्टर, मेलो!" त्याने शर्ट काढून फेकला आणि दाराच्या चौकटीला पाठ घासायला सुरुवात केली. खाज म्हणजे जांभईची सख्खी बहीण! बाकावरचे पेशंट खाजवू लागले, सिस्टर खाजवू लागल्या, शिपाई तर पाठ खाजवायला फूटपट्टी घेऊन कोपऱ्यात गेला. उंट भिंतीला चिकटला. "बाप रे! रोज हे बघायचं?" मखमलला आतल्या आत गुदगुल्या झाल्या.

पहिलटकरणीने मात्र शांतपणे हातमोजे चढवले, भिंग काढलं आणि मामाची बोटं फाकवली.

"काका, रात्री जास्त खाजतं का?"

"रात्री तर विचारूच नका!"

"घरात आणखी कोणाला?"

मामाने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने डोळ्यांनी 'नाही' म्हटलं आणि नकळत मनगट खाजवलं.

तिने मामाची कातडी जराशी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि किंचाळली, "अगं बाई! चालतोय! पाय हलवतोय! उंटा, ये ना, खरजेचा किडा बघ!" तिचा चेहरा असा उजळला होता, की जणू तिला कोणी दागिना दिला. मग तिने मामाला औषधाची बाटली दिली. "घरातल्या सगळ्यांनी लावायचं हं."

बाहेर आल्यावर मखमलने मामाची बाही धरली. "मामा! खरंच खरूज?"

"अरे, तुझ्याकडे यायच्या आधीपासून खाजतंय. सांगणारच होतो, तेवढ्यात तूच भूमिका दिलीस! म्हटलं, वा, तयारी आयतीच झाली आहे!"

मखमलने आपल्या खाजेबद्दल तोंड शिवून घेतलं, औषधही लावलं नाही. स्किन मागणाऱ्यालाच खरूज? लोक काय म्हणतील!

वाटपाच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पहिलटकरीण माइकपाशी गेली आणि म्हणाली, "स्किन!"

मखमलच्या पायाखालची जमीन सरकली. त्यात उंटाने हाडांची जागा घेतली.

"अरे, तुलाही स्किनच हवं होतं ना?" मखमल त्याच्या कानात पुटपुटला.

"मला? मी पहिल्या वर्षापासून हाडंच म्हणतोय! आणि ती सर्जरी घेणार होती. त्या खाजऱ्या काकांनी तिला पार वेड लावलं. एवढं होतं तर विचारायचंस तरी!"

आता मखमलची पाळी. मानसोपचार म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, एवढ्यात बाबा उठून उभे राहिले. "सर्जरी शिल्लक आहे रे, बाळा!" त्यांचे डोळे भरून आले होते. बाबांना रडताना मखमलने जन्मात पाहिलं नव्हतं.

"सर्जरी," तो मांजराच्या पिल्लासारखा म्हणाला.

बाबांनी त्याला कडकडून मिठी मारली. सर्जरीचे मोठे सर धावत आले. "एकाग्रता! आलास का शेवटी!" असं म्हणत त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. त्यानंतर ते त्याला हाताला धरून विभागभर मिरवत राहिले.

काही आठवड्यांनी मखमलच्या हातात पहिल्यांदा सुरी यायची होती. सकाळपासून त्याला घाम फुटला होता. पण ऑपरेशन थिएटरला कुलूप! मोठे सर, सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, सगळा विभाग स्किनच्या ओपीडीबाहेर रांगेत उभा राहून खाजवत होता. रांगेच्या शेवटी बाबा होते, आणि बाबांच्या मागे मामा.

"गळ्यापासून खाली, बेचक्यांतसुद्धा," पहिलटकरणीने मखमलच्या हातात बाटली ठेवली. "आणि थँक्यू हं! ते काका तुझे मामा निघाले की! त्यांच्यामुळे मला माझी वाट सापडली."

"थिएटर किती दिवस बंद?" मखमलने आशेने विचारलं.

"आठवडाभर. तोवर सगळे बरे होतील."

मखमलचा चेहरा पडला. तो मामाशेजारी येऊन उभा राहिला. मामाने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून पहिल्या वेळची बाटली काढून दाखवली. झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

"म्हटलं, भाच्याला पुन्हा गरज पडली तर घरात खरूज असावी," मामा कुजबुजला.

मखमलने क्षणभर विचार केला आणि हळूच मामाचा हात हातात घेतला.