चूकीचे उत्तर

"पोरगं इंजिनीअर हाय, पुण्याला हाय, समदं खरं. पण कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट कुटं हाय?" मुलीच्या वडलांनी, वडवणीच्या सोमनाथअप्पांनी, पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं, आणि रवीचं एकोणिसावं स्थळ डळमळायला लागलं.

चौथीत असताना शाळेतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरला रवीनं चपला बाहेर काढून नमस्कार केला होता. माउसनं एक वाकडीतिकडी झोपडी काढली होती. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचलंच नाही. पुढे इंजिनीअरिंग, मग पुण्यात अकरा वर्षं प्रोग्रामिंग. सरकारी नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत मागतात ती कॉम्प्युटरची साधी परीक्षा तेवढी त्यानं दिली नव्हती. पोहता येणाऱ्यानं बादलीत कशाला उतरायचं?

"सरकार ज्याला त्याला ते मागतंय, मंजी त्यात कायतरी असंलच की," अप्पा म्हणाले.

"पंधरा दिवसांत आणून देतो!" रवीचे वडील अण्णाराव गरजले. त्यांचं चौसाळ्यात भांड्यांचं दुकान. पंधरा दिवस त्यांनी गिऱ्हाइकाला डबा दाखवण्याआधी ही बातमी दाखवली. तेहतिशीच्या पोराचं जमतंय म्हटल्यावर माणूस गप्प कसा बसणार?

परीक्षेला रवी वडवणीच्या केंद्रात बसला. ‘मजकूर कॉपी करा’, ‘मजकूर ठळक करा’ असले पन्नास प्रश्न. बोटांना सवयच होती, बहुतेक खटाखट कीबोर्डवरूनच, नऊ मिनिटांत आटोपले. पडद्यावर निकाल आला: ‘आपली ३४ उत्तरे चूकीचे आहे. नापास.’

रवीनं ती ओळ दोनदा वाचली. नापास झाल्याचा धक्का तर बसलाच, पण त्या दीर्घ ‘चू’चा जास्त बसला. ही वाक्यरचना त्याच्या ओळखीची होती. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीत त्यानंच हा परीक्षेचा प्रोग्राम लिहिला होता. साहेबांना घाई होती, म्हणून माउसनं दिलेलं उत्तर तेवढं तपासलं आणि कीबोर्डचं ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. ते नंतर आज आलं.

"सर, हा प्रोग्रामच चुकलाय," तो केंद्रातल्या सरांना म्हणाला.

"तुमाला काय म्हाईत?"

रवीनं पुन्हा पडद्यावरच्या त्या दीर्घ ‘चू’कडे बघितलं.

"पुण्याच्या लई हुशार माणसानं बनवलाय त्यो," सर म्हणाले आणि सवयीप्रमाणे त्यांनी निकाल केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला.

बाहेर येईपर्यंत अण्णारावांचा फोन आला. "पेढे वाटून बसलो की बे! गावाला काय तोंड दावू?" रवीला बसस्टँडवर उभं राहवेना. एकटंच जगायचं, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात एक अनोळखी नंबर. "मी वर्षाराणी. सोमनाथअप्पांची. तुमी खरंच नापास झालात?"

"हो."

"लई बरं झालं! मी चार बारी झाले. अप्पा म्हणायचे, तुला अक्कलच न्हाई. आज त्यांना म्हणलं, इंजिनीअर नापास होतोय, मंग माझं काय चुकलं? गप बसले. मला हेच स्थळ पायजे."

रवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला हो म्हणालं होतं.

"एकच इच्छा हाय बगा," ती पुढे म्हणाली. "त्या सर्टिफिकेटापायी माजी क्लार्कची नोकरी गेली. ती परीक्षा ज्यानं बनवली, त्यो माणूस मला एकदा हातात गावला पायजे. तुमी त्याच लाइनीतले. लग्न झाल्यावर दोघं मिळून हुडकू त्याला."

"हुडकू," रवी म्हणाला.