हमीदभाईंच्या घड्याळातला पासंग

हमीदभाईंच्या खिशात कायम दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असतं. भाजी घ्यायची असली, की आधी ते भाजीवालीच्या पारड्यात पडतं. वसमतच्या बाजारात माझ्या हळदीच्या आडतीला लागून त्यांचं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. "पासंग पाह्यल्याबिगर बोलू नका," हे त्यांचं पालुपद. पासंग म्हणजे काट्यातली मूळची खोट.

याच पासंगापायी त्यांनी भर हंगामात, शेतकऱ्यांसमोर, माझा काटा खोटा ठरवला होता. पाठीवर पोती वाहून मी ही आडत उभी केली. काट्याखाली एक हळकुंड अडकलं होतं, एवढंच. ते निघालं तेव्हा पाहायला कोणी थांबलं नाही. मी ते विसरलेलो नाही.

गेल्या ईदला त्यांची लेक शाहीन पुण्याहून आली. ती तिथं नर्स आहे. आई गेल्यापासून अब्बा एकटे, त्यात साखर निघालेली. तिनं त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं. किती चाललं, किती कॅलरी जळल्या, सगळं तिकडं तिच्या फोनवर दिसतं.

दुसऱ्याच दिवशी हमीदभाईंनी घड्याळाची तपासणी काढली. खुर्चीत बसून हातपंखा हलवला, कॅलरी जळल्या. मोटारसायकलवर वारंगा फाट्याला जाऊन आले. खड्डे पावलांत जमा. शेवटी माझ्या हळद पॉलिशच्या ड्रमला ते बांधलं आणि ड्रम फिरवला.

"मारोतराव, साडेतीनशे जाळल्या तुमच्या ड्रमनं! आता त्याला जेवू घाला."

"मग फेका की ते."

"काहून? लेकीनं देल्लं हाय."

पुढं माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. रोज चार वाजले, की हमीदभाई घड्याळ काढून पारड्यात ठेवतात आणि रिकाम्या मनगटानं कालव्यापर्यंत चालून येतात.

एके दिवशी ते घामाघूम परतले, तेव्हा मी दारातच अडवलं. आडतीत चार शेतकरी बसलेले. असा मोका मी सोडतो होय?

"घड्याळ इथं, माणूस कालव्यावर! हमीदभाई, हे तर मापात पाप!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शाहीनचा आवाज माझ्यापर्यंत आला. "अब्बा, आज भी नै चले?"

"पाँव दुखरे, बेटा," हमीदभाई अगदी मेल्या आवाजात म्हणाले. मग तिची ड्युटी, तिची खिचडी, तिची सर्दी, सगळं विचारून झालं. ती रागावत होती, हे "हौ, हौ" करत होते. पाव तास गेला.

फोन ठेवून ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आकडा बराबर आला, की नुस्ता अंगठा पाठवते. कमी आला, की फोन करते."

आतून एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं, शेठ? कशात पाप निघालं?"

"कशात न्हाई," मी म्हणालो. "हमीदभाईंचं घड्याळ बराबर हाय."