मामांच्या नजरेतलं वजन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहावं एवढी माझी तयारी नाही, त्यात हे मामांविषयी, ज्यांच्या घरी राहून मी शिकतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

म्हसवडहून पिशवी घेऊन सांगलीत त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एक्कावन्न. पिशवी सोडून." गाडीत जागा मिळाली का, हे नंतर.

मामा हळदीच्या बाजारात तोलार आहेत. तीस वर्षं पोती काट्यावर चढवून त्यांची नजर तयार झालेली. पाहुणा टेकायच्या आत त्याचा आकडा सांगणार. एक पाहुणे इरेला पेटून दवाखान्यात वजन करून आले. अर्धा किलो जास्त भरलं. मामा शांतपणे म्हणाले, "खिसं रिकामं करा की." खिशांतून दोन मोबाईल, चाव्यांचा जुडगा आणि अडकित्ता निघाला.

पोतं भरलेलं असावं तसं माणूसही, असं मामांचं मत. 'भरलाय गडी' ही त्यांची मोठी शाबासकी. म्हणूनच आपल्या दहा वर्षांच्या लेकीचा, सोनालीचा आकडा ते येईल त्याला कौतुकानं ऐकवायचे. "एक्केचाळीस. आईला गाठतीया."

गल्लीतली पोरं मग तोलार-तोलार खेळू लागली. एकानं डोळे बारीक करायचे, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. सोनालीचा नंबर आला की तोलार म्हणायचा, हिला उचलायला दोन हमाल बोलवा. ती खेळायला जाईना. पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायची. एकदा गणित तपासायला मी तिच्या दप्तरातून वही काढली, तर तळाशी डब्यातल्या, चार दिवसांच्या वाळलेल्या चपात्या.

मामांना सांगायला मला दोन दिवस लागले. वाटलं, चिडतील. त्यांनी त्या चपात्या हातात घेतल्या. मामीच म्हणाली, "सातव्या महिन्यात झालती ही. दीड किलो. काचंच्या पेटीत ठेवलीती. रोज किती वाढली, ते हे सगळ्या बाजाराला सांगत फिरायचे. तवापासनं ही सवय लागली बघ."

त्या दिवसापासून मामांनी आकडे बंद केले. पाहुणे आपणहून विचारत, मामा चहाचं विचारत. सोनालीच्या ताटात मात्र अर्धी भाकरी उरतच होती.

परीक्षा झाली, मी गावी आलो. तिचं काय झालं असेल, हे विचारायचा धीर होईना. काल मामीचाच फोन आला. शाळेत वजन-उंची घ्यायचा दिवस होता. सोनाली पोट दुखतंय म्हणून अंथरुणातून उठेना. मामांनी तिला काही विचारलं नाही. कधी नव्हे तो कामावर खाडा केला आणि तिला घेऊन कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले. तिथं तिनं भडंगाचा पुडा मागितला आणि एकटीनं संपवला.

मामा एवढंच म्हणाले, "आनी एक आणू?"